चहा घेतला, की प्याला?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या टीमकडे मेक्सिकोतल्या एका आरोग्यविषयक ॲपचं काम होतं. वेळेवर गोळ्या घ्या, पाणी प्या, चाला, अशा आठवणी करून देणारं साधं ॲप. ते भारतात आणायचं ठरलं आणि टीममध्ये मराठी वाचता येणारा मी एकटाच असल्यामुळे मराठी वाक्यं तपासायचं काम माझ्याकडे आलं. मूळ वाक्यं स्पॅनिशमध्ये होती आणि मराठी मशीननं केलेलं. दीड-दोनशे वाक्यांची यादी मी एका संध्याकाळी उरकली आणि लातूरला गेल्यावर आईच्या फोनवर ॲप टाकून दिलं. तिची रक्तदाबाची गोळी चालू आहे, म्हणजे आयती टेस्टर.

रात्री नऊ वाजता फोन वाजला. आईनं चष्मा लावून वाचलं आणि फोन पलंगावर उलटा ठेवला. म्हणाली, "असं कुठं विचारतेत का रे? काढून टाक ते."

स्क्रीनवर लिहिलं होतं, 'तुम्ही आज औषध पिले का?'

मराठवाड्यातल्या वाचकाला पुढचं सांगायची गरज नाही. आमच्याकडे शेतावर फवारतात तेही औषधच. 'अमक्यानं औषध पिलं' हे वाक्य गावात पसरतं तेव्हा पुढचा प्रश्न 'कुठल्या दवाखान्यात नेलंय?' हा असतो. माझ्या शाळेतल्या एका मित्राच्या वडलांबद्दल ते वाक्य मी नववीत ऐकलं होतं. तरी यादी तपासताना माझी नजर त्यावरून सरळ पुढे गेली. व्याकरण बरोबर होतं ना!

चूक कुठे झाली हे शोधायला मी मूळ स्पॅनिश वाक्याकडे गेलो. तिथे क्रियापद होतं 'तोमार'.

दोन क्रियापदं

स्पॅनिशमध्ये पिण्यासाठी दोन क्रियापदं सर्रास वापरतात. एक 'बेबेर', लॅटिनमधून सरळ आलेलं, अर्थ फक्त पिणे. दुसरं 'तोमार', त्याचा अर्थ घेणे. स्पेनमध्ये दोन्ही चालतात. मेक्सिकोत आणि बहुतेक लॅटिन अमेरिकेत रोजच्या बोलण्यात 'तोमार'च जास्त. 'बेबेर' जरा पुस्तकी वाटतं. पाणी 'तोमार', कॉफी 'तोमार', गोळीही 'तोमार'. एखाद्याबद्दल नुसतंच 'तो तोमार करतो' असं म्हटलं, तर तो दारू पितो असा अर्थ होतो. मशीननं 'तोमार' म्हणजे 'पिणे' एवढं धडा पाठ केल्यासारखं लक्षात ठेवलं होतं आणि औषधालाही तेच लावून मोकळं झालं होतं.

गंमत अशी की मराठी माणसाला ही विभागणी शिकवावी लागत नाही. आपल्याकडे ती आहेच. पाणी पितो, चहा घेतो, औषध घेतो. 'तो घेतो' एवढं म्हटलं की काय घेतो ते विचारावं लागत नाही. त्यातही प्रतवारी आहे. साहेब घेतात, कारकून पितो आणि मजूर ढोसतो. बाटली तिघांची सारखी असली तरी. स्पॅनिश माणूस ऊन 'घेतो', आपण ऊन खातो. हवाही आपण खातो. सिगारेट मात्र प्रमाण मराठीत ओढतात. आमच्याकडे बिडी पितातसुद्धा, कारण नांदेड-लातूरच्या आजूबाजूला भाषांची गर्दी आहे. हैदराबादी दखनीत आणि हिंदीत सिगारेट पितात. नांदेडच्या पलीकडे तेलुगूत पाणी आणि सिगारेट दोन्हींना 'तागु' हेच क्रियापद. लातूरच्या पलीकडे कन्नडमध्ये सिगारेटला 'सेदु', आणि विहिरीतून पाणी शेंदायलाही 'सेदु'च. हे दोन्ही जिल्हे १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होते. लातूर तर ऑगस्ट १९८२पर्यंत वेगळा जिल्हाही नव्हता, उस्मानाबादचा भाग होता. राज्य उर्दूतून चालायचं, शेतात मराठी, बाजारात तेलुगू-कन्नड. क्रियापदं काही नाक्यावर जकात भरून येत नाहीत.

पण आईच्या त्या प्रतिक्रियेनंतर मला वेगळाच प्रश्न पडला. 'घेणे' आणि 'पिणे' यांत फरक नेमका कसला? एक सभ्य आणि दुसरं गावंढळ, एवढाच?

शाळेत शिकलेलं व्याकरण इथे कामाला आलं. 'मी चहा प्यालो' या प्रमाण वाक्यात क्रियापद पिणाऱ्याप्रमाणे चालतं. बाई असेल तर 'प्याले'. कर्तरी प्रयोग. 'मी चहा घेतला' म्हटलं की क्रियापद चहाकडे जातं; कॉफी असेल तर 'घेतली', दूध असेल तर 'घेतलं'. कर्मणी प्रयोग. (आमच्याकडे 'मी चहा पिला' म्हणतात, म्हणजे 'पिणे'सुद्धा कर्माप्रमाणे चालवतात. त्यावरून पुण्यात माझी पुष्कळ चेष्टा झालेली आहे.) म्हणजे 'पिणे' ही पिणारा आणि त्याचा घसा यांच्यातली बाब. 'घेणे' म्हटलं की वस्तू पुढे येते आणि वस्तूबरोबर ती देणारा हातही. गाय पाणी पिते, पाणी घेत नाही, कारण तिला 'घेता का?' असं कुणी विचारत नाही. घ्यायला बहुतेक वेळा समोर कुणीतरी देणारं लागतं.

हे सुचलं आणि आपल्या इतिहासातल्या काही घटना मला नव्यानं दिसायला लागल्या. आपल्याकडे पिण्यावरून झालेली मोठी भांडणं पाहिली, तर वाद पेयाचा नाही. तो या दोन क्रियापदांमधल्या जागेचा आहे.

पुणे, १८९०

सगळ्यात प्रसिद्ध भांडण चहाचंच. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाच्या निमित्तानं शहरातली बडी मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. घाट घातला होता गोपाळराव जोशी यांनी. डॉ. आनंदीबाई जोशींचे हे पती. विक्षिप्त आणि खोडकर. कार्यक्रमानंतर मिशनमधल्या बायकांनी चहा-बिस्किटं समोर आणली. कुणी चहा प्याले. कुणी यजमानांचा अपमान नको म्हणून कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. गोपाळरावांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि शहरात वादळ उठलं. ख्रिश्चनांच्या हातचा चहा! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशीला शास्त्री नेमले गेले, जेवणावळींच्या पंक्ती फुटल्या, घराघरांत कार्यांना ब्राह्मण मिळेनात. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं आणि त्याबद्दल सुधारक मित्रांचीच टीका सहन केली. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत या काळातला घरातला ताण वाचायला मिळतो.

या प्रकरणाकडे सहसा टिळक-रानडे यांच्या राजकारणाच्या अंगानं पाहिलं जातं. मला रस आहे तो कप हातात घेऊन खाली ठेवणाऱ्यांमध्ये. चहा त्यांच्या घशाखाली गेलाच नव्हता. 'पिणे' हे क्रियापद त्यांना लागू होत नव्हतं. तरी छापील यादीत त्यांचं नाव पिणाऱ्यांच्या शेजारीच होतं. म्हणजे गुन्हा कुठे घडला? तर हातात. मिशनच्या बाईचा हात आणि सनातनी घरातल्या पुरुषाचा हात यांच्यामध्ये कप असताना. 'त्यांच्या हातचं पाणी आम्हाला चालत नाही' हे वाक्य मराठीत किती सहज येतं पाहा. त्यात पाणी कसं आहे याबद्दल एक अक्षर नाही. सगळा मुद्दा हाताचा. आणि यातून सुटायचं तर प्रायश्चित्त, तेही घ्यायचंच असतं.

पण पुण्याच्या त्या मंडळींकडे एक गोष्ट होती. त्यांना कुणीतरी कप पुढे केला होता. घ्यायचा की नाही, हे ते ठरवू शकत होते.

महाड आणि दौलताबाद

ज्यांच्यापुढे कुणी कपच करत नव्हतं, त्यांच्या वाट्याला कुठलं क्रियापद येत होतं? वाढणे, ओतणे, वरून टाकणे. विहिरीवर ताटकळायचं, कुणाला दया आली तर तो वरून ओतणार आणि ओंजळीत पडेल तेवढं आपलं. यात स्वतः पाणी घेण्याचा अधिकार कुठेच नव्हता.

१९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावानं मुंबई कायदेमंडळानं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं होतं, आणि तीन वर्षं तळ्यावर कुणी पाऊल ठेवू शकलं नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह मिरवणुकीनं तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले. मध्ये देणारा नाही, ओतणारा नाही. माणूस आणि पाणी. 'पिणे' या क्रियापदाचा त्याहून नेमका प्रयोग मला माहीत नाही. नंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेले घडे ओतून तळं 'शुद्ध' करून घेतलं. वर्षाअखेरीच्या दुसऱ्या परिषदेत आंबेडकरांनी स्पष्टच सांगितलं की या तळ्याचं पाणी न पिता आजवर आम्ही काही मेलो नव्हतो. आम्हीही इतरांसारखी माणसं आहोत हे ठरवण्यासाठी तिथे जायचं आहे. हक्काचा खटला मुंबई उच्च न्यायालयात १९३७ साली निकाली निघाला. एका ओंजळीला दहा वर्षं लागली.

आमच्या मराठवाड्यातली घटना त्यामानानं कमी ठाऊक असते. १९३४ मध्ये आंबेडकर आणि त्यांचे सहकारी वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. प्रवासानं धुळीनं माखलेले होते, फाटकाच्या आत एक भरलेला हौद होता. त्यातलं थोडं पाणी घेऊन कडेच्या फरशीवर त्यांनी हात-पाय-तोंड धुतलं. तेवढ्यात मागून एक म्हातारा ओरडत आला, हौद बाटवला म्हणून. जमाव जमला, शिवीगाळ झाली. जमाव मुसलमानांचा होता. हिंदूंनी लावलेला नियम त्यांनीही आपला मानला होता, आणि आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लिखाणात हा प्रसंग नोंदवला तो नेमकं हेच सांगण्यासाठी. शेवटी किल्ला पाहायची परवानगी मिळाली, पण सोबत हत्यारबंद शिपाई आणि अट एकच, आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही.

इथे तर कुणी पाणी प्यालंही नव्हतं. पुण्यात कप हातात घेणं आणि दौलताबादला हौदातलं पाणी हातात घेणं, दोन्हीकडे घशाचा संबंध नाही. फरक एवढाच की पुण्यात घेणारा बाटला आणि दौलताबादला पाणी बाटलं. एकाला प्रायश्चित्ताची सोय होती. दुसऱ्याला सोबत बंदूक मिळाली.

नांदेडचं क्रियापद

इंजिनिअरिंगची चार वर्षं मी नांदेडला काढली. महिनाअखेरीला मेसचे पैसे संपले की आम्ही तिघं-चौघं गुरुद्वाऱ्यात लंगरला जायचो. गुरू गोविंदसिंगांचं निधन १७०८ साली इथेच झालं, त्यामुळे तख्त सचखंड श्री हजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. तिथे कानावर एक तिसरंच क्रियापद पडलं. सेवादार म्हणायचे, लंगर 'छको'. पाणी देताना जल 'छको'. खायलाही तेच आणि प्यायलाही तेच. पहिल्या वर्षी आम्हाला ते मजेशीर वाटायचं, हॉस्टेलवर आम्ही मॅगीसुद्धा छकायचो.

या क्रियापदाचा सगळ्यात मोठा प्रसंग १६९९ सालच्या वैशाखीचा, आनंदपूरचा. गुरू गोविंदसिंगांनी खालसा स्थापन केला तेव्हा पाच जणांनी एकाच लोखंडी भांड्यातलं अमृत छकलं. शीख परंपरा सांगते की हे पंज प्यारे वेगवेगळ्या प्रांतांतले आणि वेगवेगळ्या जातींचे होते. त्यातले भाई हिंमतसिंग पाणी वाहणाऱ्या समाजातले आणि भाई साहिबसिंग नाभिक समाजातले, बिदरचे. बिदर म्हणजे आमच्या उदगीरच्या पलीकडचं गाव! पाचांना अमृत दिल्यावर गुरूंनी त्यांच्यापुढे हात जोडले आणि त्यांच्याच हातून स्वतः अमृत घेतलं. देणाऱ्याचा घेणारा झाला. पुण्यातल्या त्या कपाच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी.

याचा अर्थ तिथून पुढे जात संपली असा नाही. तसा दावा कुणी शीख मित्रही करणार नाही. पण पंगतीत बसून हात पुढे करायचा, भाकरी दोन्ही हातांत घ्यायची आणि वाढणारा कोण हे विचारायचं नाही, हे मी तिथे रोज पाहिलं. आणि ते पाहताना अनेकदा एक कप आठवला.

कोनाड्यातला कप

आजीचं गाव अहमदपूर तालुक्यात. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळी भावंडं तिथे असायचो. घरी एक सालगडी होते. त्यांना आम्ही मामा म्हणायचो. त्यांच्या खांद्यावर बसून मी पहिल्यांदा विहीर पाहिली. त्यांचा कप गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात असायचा, कान तुटलेला, पांढरा. सकाळी ते कप काढायचे, विसळायचे, ओट्याखाली ठेवायचे. आजी किटलीतून वरून चहा ओतायची. आम्हाला ती म्हणायची, "च्या घे." मामांना काहीच म्हणायची नाही. ओतायची, बस. ते पाठमोरे बसून प्यायचे, कप धुऊन पुन्हा कोनाड्यात.

आठ वर्षांचा असताना खेळाखेळात मी त्या कपातून पाणी प्यालो. आजीनं मला मारलं नाही. तिनं मला आंघोळ घातली, आणि मामा समोरच गोठ्यात वैरण टाकत होते. हे चालू होतं तेव्हा एकविसावं शतक लागून पाच वर्षं झाली होती. मला त्या वेळी वाईट वाटलं ते आंघोळीचं. मामांच्या डोळ्यांसमोर ती झाली, याचं वाईट वाटायला मला नांदेडला जावं लागलं.

२०१६च्या उन्हाळ्यात लातूरचं पाणी संपलं. मांजरा धरण कोरडं पडलं, पाणी भरण्याच्या जागांभोवती जमावबंदी लागली आणि १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाणी-रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. सुट्टीत घरी आलो तर आमच्या गल्लीत टँकरच्या पाइपाखाली सगळ्यांच्या घागरी एकाच रांगेत होत्या. कुणाच्या घागरीनंतर कुणाची, हे त्या उन्हाळ्यात कुणी विचारलं नाही. पाहुणे येताना आपली बाटली आणायचे. आई दारात 'पाणी घेता का?' म्हणायचं विसरली होती, म्हणायची, "पाणी भरलं का तुमच्याकडं?" मला भाबडेपणानं वाटलं, आता हे असंच राहील. पाऊस पडला, नळ आले आणि गावाकडच्या कोनाड्यातला कप मात्र तिथेच होता. दुष्काळानं रांग एक केली, हात नाही.

ॲपमधलं वाक्य मी त्याच रात्री बदललं. 'आजचं औषध घेतलंत का?' मग पूर्ण यादी पुन्हा चाळली. पाण्याला 'पिणे' ठेवलं, चहा-कॉफीला 'घेणे', गोळीला 'घेणे', सिगारेटला 'ओढणे'. स्पॅनिशमधल्या एका 'तोमार'साठी मराठीत दोन रकाने झाले. क्लायंटनं विचारलं, दोन कशाला? मी लिहिलं की आमच्या भाषेत अर्थ बदलतो. कसा बदलतो, ते ई-मेलमध्ये मावण्यासारखं नव्हतं.

आजी आता नाही. मामा लातुरात मुलाकडे राहतात, दोन खोल्यांचं पक्कं घर आहे. गेल्या दिवाळीत मी भेटायला गेलो. त्यांना नीट दिसत नाही, आवाजावरून ओळखलं. थोड्या वेळानं त्यांच्या सूनबाई आतून दारापर्यंत आल्या आणि थांबल्या. मामांनी मला विचारलं, "च्या घेताल का, दादा?"

विचारताना ते क्षणभर अडखळले. आमच्या घरात ज्यांना हा प्रश्न कधीच कुणी विचारला नाही, तेच तो मला विचारत होते.

"पितो की, मामा," मी म्हणालो.

कप आले. दोन्ही सारखेच होते.